अंजिरावरची बाई

पेती-बायू
२९ ऑगस्ट

शा युला,

फोनवर तू ओरडतेस, मग मी ओरडते, मग मी फोन आपटते आणि दोन दिवस माझंच डोकं दुखतं. म्हणून हे पत्र, आणि वर लाडानं ‘शा’ही लिहिलंय. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, एवढाच माझा फायदा.

आधी आपली पैज. परवा तू रागाच्या भरात बोललीस आणि मी रागाच्या भरात हो म्हटलं, पण शब्द तो शब्द. मार्चातल्या मार्दी ग्राच्या सणापर्यंत मी या घरात एकटीनं नीट राहून दाखवायचं. घर चालतं राहिलं पाहिजे आणि पाखरांची साखरपाण्याची बाटली एक दिवसही रिकामी राहता कामा नये. जमलं, तर ‘वहिनी, लाफाएतला चल’ हे वाक्य तू पुन्हा तोंडातून काढायचं नाहीस. नाही जमलं, तर मी मुकाट्यानं बॅग भरून तुझ्या मागच्या खोलीत यायचं. तुझ्या भावानं, आल्सीदनं, हे घर स्वतःच्या हातानं खांबांवर चढवलं. तो गेला म्हणून मी त्यातून उठून तुझ्या धुण्याच्या मशीनशेजारी झोपायला येऊ? बघूच.

अंगणात सध्या जत्रा आहे. उत्तरेतले सगळे हमिंगबर्ड समुद्र ओलांडायच्या आधी पोट भरायला इथं उतरलेत. बाटलीला भोकं भरपूर, पण एकालाही दुसऱ्याचं सुख बघवत नाही. दिवसभर हमरीतुमरी. आल्सीद म्हणायचा, आपल्या घरातल्या लग्नात गंबो वाढायला घेतला की असंच होतं. काल पायरीवर कॉफी घेऊन बसले होते, तर एक थेट कपापाशी येऊन थांबलं. त्याच्या पंखांचा वारा माझ्या ओठांना लागला.

शेजारच्या क्लेओफानंही बाटली लावली आहे. बायको गेल्यापासून त्याला काहीतरी उद्योग हवा असतो. गेल्या वर्षी त्याच्या बाटलीत काळी बुरशी होती. चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत मी त्याला म्हटलं होतं, ‘घासायला होत नसेल तर लावू नये. हे खाऊ घालणं नव्हे, विष घालणं आहे.’ अजून मला पाहिलं की तो बाटली पाठीमागे लपवतो.

अंजिराचा मुरांबा पाठवतेय. बरणी परत कर.

ओदील

लाफाएत
६ सप्टेंबर

वहिनी,

मुरांबा पोचला, बरणी मिळणार नाही.

पत्र लिहायची कल्पना चांगली आहे, पण हा काय प्रकार? एवढा जाड मार्कर आणि पानावर जेमतेम सात ओळी! मला नवा चष्मा लागला म्हणून टोमणा मारतेस होय? मी अजून आंधळी झालेले नाही. साध्या पेनानं लिहिलंस तरी वाचता येईल.

पैज मान्य. मार्दी ग्राच्या दिवशी मी स्वतः येऊन बघणार, आणि बाटली रिकामी दिसली तर तिथल्या तिथं तुला गाडीत घालणार. मशीनचा एवढा बाऊ करू नकोस, मी ती रात्री लावत नाही. खोलीला खिडकी आहे. खिडकीसमोर भिंत आहे, हे मान्य.

मला समजतच नाही वहिनी. बोटाएवढं पाखरू. त्याच्यासाठी तू समुद्राच्या तोंडावर बसून राहणार, आणि दर वादळाला इथं मी जागी. दादा होता तोवर मी बोलले का कधी? दोघं होतात. आता रात्री टीव्हीवर तो गोल गोल फिरणारा ढग दाखवतात, तेव्हा मी देवाचं नाव घेत बसते आणि तू मात्र साखर ढवळत असतेस.

आणि तो क्लेओफा! लहानपणी आमच्या बोटीतून पाण्यात पडायचा, तेव्हापासून त्याच्या डोक्यात पाणीच आहे. तू पडलीस तर तो तुला उचलेल, या भरवशावर राहू नकोस.

युला

पेती-बायू
२ ऑक्टोबर

शा युला,

वादळ गेलं, घर आहे. मागच्या बाजूचा पत्रा थोडा उचकटला, बाकी खांब जागच्या जागी. आल्सीदचं काम.

तुझ्याकडे आले नाही म्हणून चिडली असशील. क्लेओफाचा ट्रक दारात उभा होता, तो लेकीकडे निघाला होता, मी चढले. एवढंच. परतल्यावर काय केलं विचार. पत्र्याकडे बघितलं नाही, दार उघडलं नाही, आधी साखरपाणी केलं. चार वाट्या पाणी, एक वाटी साखर, रंग नाही, मध नाही. वाऱ्यानं साऱ्या गावात एक फूल ठेवलेलं नव्हतं. बाटली आकड्याला लावून हात खाली घेते न घेते, तोच कानाशी घूं! मनगटावर येऊन बसलं एक. दमलेलं होतं बिचारं. त्याच्या नखांची टोचणी अजून जाणवते.

पैज चालू आहे, लक्षात ठेव. वादळात बाटली काढणं यात धरायचं नाही. ते सगळेच काढतात.

क्लेओफाला तू डोक्यात पाणी म्हणालीस, त्याचा त्याला फार राग आलाय. म्हणतो, बोटीतून पडायचो नाही, युला ढकलायची.

ओदील

लाफाएत
१० ऑक्टोबर

वहिनी,

मी रात्रभर दिवा लावून बसले होते. पलंगावर स्वच्छ चादर घातली, मोठं पातेलं भरून गंबो केला. तू त्याच्या लेकीकडे! सख्ख्या नणंदेचं दार सोडून परक्याच्या लेकीकडे!

आणि माझं पत्र त्याला कसं समजलं? मी तुला लिहिलं होतं. तू त्याला दाखवलंस की वाचून दाखवलंस? आता सगळं माझ्या ध्यानात येतंय. आधी फोन बंद. मग त्याचा ट्रक. मग माझ्या पत्रांवर दोघांनी बसून हसायचं. तुला लाफाएतला यायचं नाही ते पाखरांमुळे नाही, असं मी म्हटलं तर?

दादाला जाऊन दोनच वर्षं झाली, ओदील. मी काही म्हणत नाही. तुझं आयुष्य आहे. पण मला शेवटी कळावं, हे मला आवडलेलं नाही.

आणि हो, एकदाच ढकललं होतं. बाकीच्या वेळी तो आपणहून पडला.

युला

पेती-बायू
२० नोव्हेंबर

शा युला,

तुझ्या पत्रावर इतकी हसले की कॉफी सांडली. क्लेओफा? अगं, त्याला स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधायला सापडत नाहीत, तो मला काय सांभाळणार! तो पोस्टातून पत्रं आणून देतो, हाताशी बसतो, आणि त्याला चौकशा फार. तेवढ्यावर तू माझं लग्न लावलंस. महिनाभर मी रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. आता राग गेला, कारण बाई आली.

सांगते. इथली पाखरं ऑक्टोबरात समुद्रापार जातात आणि अंगण एकदम मुकं होतं. मग थंडी पडली की पश्चिमेकडच्या डोंगरातून एखादंच चुकार पाखरू येतं आणि सगळा हिवाळा काढतं. आमच्याकडे येते ती ही अंजिरावरची बाई. अंजिराच्या एकाच फांदीवर बसून बाटलीवर पहारा देते. तीन वर्षांपूर्वी, पक्षी पुन्हा ओळखता यावेत म्हणून त्यांच्या पायात नंबराची कडी घालणारे तेराँस आले होते. त्यांनी तिच्या पायात कडी घातली आणि सोडायला आल्सीदच्या तळहातावर ठेवली. ती उडालीच नाही. बसून राहिली. आल्सीद श्वास धरून उभा. म्हणाला, ‘ओदील, हिचं काळीज माझ्या हातभर वाजतंय.’ नंतरच्या हिवाळ्यात तोच नव्हता, पण ही आली होती. आता पुन्हा आली. आल्याआल्या फांदीवरून मला चिक् चिक् करून शिव्या घातल्या, तशी ओळखली.

पण जिवाला स्वस्थता नाही, युला. यंदा ती बाटलीवर कमी येते. पूर्वी दर थोड्या वेळानं भुर्र व्हायचं. आता मी पायरीवर बसून कान देते, बसते, बसते, आणि काही नाही. मग वाटतं गेली. मग चिक्. मी साखरपाणी तिसऱ्या दिवशी बदलते, कधी दुसऱ्याच. उकळते, गार करते, बाटली घासते. माझ्या हातून काय चुकतंय कळत नाही.

तेराँस जानेवारीत येणार आहेत. त्यांना विचारेन.

ओदील

लाफाएत
३ डिसेंबर

वहिनी,

बाईसाहेबांना भूक नाही म्हणून तू झुरतेस, आणि मी इथं एकटी भात खाते, त्याचं कुणाला काही नाही.

असो. मी नाताळला येते. बुदें सॉसेज आणीन, दोन दिवस राहीन, तुझा पत्रा कुणाकडून तरी ठोकून घेईन. पैजेत पाहुणी नको असं कुठं ठरलंय?

क्लेओफाचं तू हसण्यावारी नेलंस, पण ‘हाताशी बसतो’ हे तूच लिहिलंयस, मी नाही.

युला

पेती-बायू
११ डिसेंबर

शा युला,

नाताळला येऊ नकोस. मी चर्चच्या बायकांबरोबर आहे, घरी कुणी नसेल. मार्दी ग्राला ये, ठरल्याप्रमाणे.

रागावू नकोस.

ओदील

पेती-बायू
१७ जानेवारी

युला,

हे पत्र क्लेओफा स्वतः घेऊन येतोय. त्याला दारात उभं करू नकोस, आत बसव, कॉफी दे. आणि ओरडू नकोस. त्याचा काही दोष नाही.

मी पैज हरले.

काल तेराँस आले. जाळीच्या पिंजऱ्यात बाटली टांगली, बाई आली, धरली. कडी तीच. आल्सीदच्या हातावर बसलेली तीच. मी एवढी खूश झाले, म्हटलं आता मलाही एकदा हातावर द्या. तर ते हळूच म्हणाले, ‘मिस ओदील, ही फार हलकी लागतेय हो. बाटली केव्हा घासलीत?’ मी म्हटलं, ‘आजच सकाळी.’ त्यांनी माझं बोट धरलं आणि बाटलीच्या तोंडातून आत, कडेच्या खाचेत फिरवलं. बुळबुळीत. म्हणाले, ‘सगळी काळी आहे. भोकांतूनसुद्धा.’ ही बाटली मी रोज घासत होते, युला. रोज. मला दिसली नाही.

मला दिसत नाही. गेल्या वसंतापासून. सगळं कडेकडेनं दिसतं. जिकडे पाहावं, नेमकं तिथंच काही नसतं. माणूस दारात उभं राहिलं तर मला दार दिसतं. पाखरं मी वर्षभर पाहिलेली नाहीत, नुसती ऐकते. तुझी पत्रं क्लेओफा वाचून दाखवतो, म्हणून त्याला सगळं माहीत. मार्कर माझ्यासाठी होता. नाताळला तू आली असतीस तर पहिल्या मिनिटाला ओळखलं असतंस, म्हणून नको म्हटलं. मला वाटलं, मार्दी ग्रापर्यंत रेटेन, मग तू शब्दात अडकशील.

क्लेओफाला मी सगळ्या गावासमोर काय बोलले होते ते आठवतंय ना? तो काल तिथंच उभा होता. एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेराँसनी बाटली उकळून ब्रशनं लख्ख केली. बाई मात्र उडून अंजिरावर गेली आणि कालपासून आवाज नाही. आणि रेडिओवर सांगतायत की मोठी थंडी येतेय, पाणी गोठेल. गोठलं तर पहाटे उठून कुणीतरी बाटली बदलत राहिलं पाहिजे, नाहीतर जी काय उरली असेल तीही मरेल. मी माझ्या हातावर आता भरवसा ठेवत नाही.

मला न्यायला ये. फक्त थंडी ओसरेपर्यंत इथं थांब, एवढंच मागते. मग तू म्हणशील त्या खोलीत झोपेन.

ओदील

लाफाएत
९ फेब्रुवारी

शा युला,

तुझ्या घरात राहून तुला पत्र लिहायचं! आणि तू माझ्या घरात. आपण दोघींनी मिळून काय करून ठेवलंय हे तुझ्या भावाला कळलं, तर तो हसून हसून पुन्हा मरेल.

डॉक्टर डोळ्यात सुई टोचतो. ऐकायला जेवढं वाईट वाटतं तेवढं नाही, त्यापेक्षा थोडंच कमी आहे. म्हणतो, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवू. त्यानं हातात धरायचं एक भिंग दिलंय. त्यातून तुझं मार्करचं अक्षर मला एकेक करून लागतं. आता कळलं ना मार्कर कशाला असतो?

खोलीबद्दल बोलत नाही. समोरच्या भिंतीच्या विटा आता ओळखीच्या झाल्यात. मशीन तू म्हणालीस तशी रात्री बंद असते आणि त्यामुळे फारच शांत वाटतं. कानांना काही कामच नाही.

त्या थंडीत मला क्लेओफाच्या ट्रकमध्ये बसवून तू मागे राहिलीस, तेव्हा म्हणालीस, ‘तुझी तारीख आहे डॉक्टरकडची, तू जा, मी चार दिवसांत कुलूप घालून येते.’ चाराचे किती झाले? मला खरं सांग. बाई मेली का? मेली म्हणून तू तिच्याबद्दल काही लिहीत नाहीस का?

ओदील

पेती-बायू
१५ फेब्रुवारी

वहिनी,

मेली नाही. मेली असती तर मी कधीच परत आले असते!

ऐक. तू गेलीस त्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाटली दगड झाली होती. मी तुझ्या दोन बाटल्या घेतल्या, एक टांगलेली आणि एक माझ्या कोटाच्या आत, छातीशी. बाहेरची गोठली की आतली लावायची. सारं अंग चिकट झालं, देवाशपथ! मी स्वतःला म्हटलं, युला, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना वाढलंस, आता म्हातारपणी एका नसलेल्या पाखराला वाढतेयस. उजाडलं तरी कुणी नाही. तिसऱ्यांदा बाटली बदलताना मला तुझा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की काय सांगू. आणि तेवढ्यात डोक्यावरून चिक्! तुझी बाई अंजिरावर, पिसं फुलवून, मलाच शिव्या देत होती. मी हात खाली घ्यायच्या आत उतरली आणि प्यायली. किती वेळ प्यायली, वहिनी. मी गोठून गेले पण हलले नाही.

रंग सांगते, कारण तू कधीच सांगितले नाहीस आणि माझ्या मूर्खपणाला ते जाणवलंही नाही. पाठ हिरवी, ओल्या शेवाळासारखी. कुशीला गंजाचा रंग, दादाच्या जुन्या नांगरावर चढायचा तसा. गळा पांढरा आणि त्यावर मधोमध केशरी ठिपका, अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्याएवढा. ऊन आलं की तो पेटतो, ती वळली की विझतो. मी त्यासाठीच सकाळी पायरीवर बसते. कुलूप घालायला गेले की वाटतं, अजून एकदा पेटू दे.

क्लेओफा रोज सकाळी कुंपणापाशी येऊन ओरडतो, ‘युला आली का?’ मी पहिले दोन दिवस म्हणत होते, ‘अरे, तुझ्यासमोर तर उभी आहे.’ मग तो लाजला. दादानं तुझ्या बाईचं नाव युला ठेवलं होतं, हे मला कुणीच सांगितलं नाही! का, तर म्हणे एकटी बसते, सगळ्यांवर खेकसते, आणि न बोलावता दर हिवाळ्यात येते. वहिनी, मला त्याला एकदा भेटून चांगलं खडसावायचं आहे. फार आठवण येते त्याची. इथं जास्त येते.

युला
(तुझी, अंजिरावरची नव्हे)

पेती-बायू
५ मार्च

वहिनी,

काल मार्दी ग्रा झाला. ठरल्याप्रमाणे मी येऊन बघितलं. मी इथंच होते हा माझा दोष नाही. बाटली भरलेली होती. लख्ख होती. क्लेओफानं उजेडात धरून साक्ष दिली. त्याची बाटलीही आता मी घासते, त्याच्या हाती काही राहू देण्यात अर्थ नाही.

बाई परवा गेली. सकाळी बराच वेळ प्यायली, अंजिराला एक फेरी मारली आणि सरळ पश्चिमेला. मी हात हलवला, कुणी बघत नाही ना ते पाहून. आणि आज समुद्रावरून पहिला माणिककंठी हमिंगबर्ड आला, इतका दमलेला की पिताना डोळे मिटत होता. त्याचा गळा लाल, पण कडेनं पाहिलं तरच. समोरून काळा दिसतो. तुलाही दिसेल बघ, कडेनं.

आता पैजेचं. बाटली एक दिवसही रिकामी राहिली नाही, तेव्हा तू जिंकलीस. काळी होती असं तू म्हणशील, पण काळ्या बाटलीबद्दल आपलं काही ठरलं नव्हतं. ‘लाफाएतला चल’ हे वाक्य मी तोंडातून काढणार नाही. सुया टोचायच्या दिवशी मी तुला नेईन आणि परत आणीन. माझं घर भाड्यानं द्यायला टाकलंय, मशीनसकट.

तुझ्या घरातली मागची खोली मी घेतली आहे. खिडकीतून अंजीर दिसतं. पत्रा ठोकून झाला. वादळ आलं की दोघी मिळून पळू, आणि क्लेओफाचा ट्रक मी चालवीन.

कधी येतेस ते लिही. फोन करू नकोस, मी ओरडेन.

युला

लाफाएत
१० मार्च

शा युला,

तुझं पत्र भिंगाखाली धरून पुरं करायला मला पूर्ण सकाळ लागली. लाल गळ्याचं जिथं लिहिलंयस, ती ओळ तीनदा वाचली.

अंजिराच्या खोलीत पलंग भिंतीला लावू नकोस, तिथं पाऊस झिरपतो. आल्सीदचा जाड कोट खुंटीवर आहे, तो घाल, मला चालेल. क्लेओफाला सांग, त्या चर्चच्या पायरीवर मला त्याच्याशी बोलायचं आहे, सगळ्यांदेखत.

रविवारी येते. साखरपाणी मी करीन, ते मला वाटीनं मोजता येतं. बाटली तू घास.

ओदील